साखरेच्या बेटांवरील भूक

आपल्या आजी-पणजीच्या पिढीतील बायका पांढऱ्या, दाणेदार साखरेला ‘मोरस’ म्हणत. गूळ निराळा, खडीसाखर निराळी, आणि वाण्याच्या दुकानातून पुडीत बांधून येणारी ती शुभ्र वस्तू म्हणजे मोरस. ह्या शब्दाचा मोराशी किंवा रसाशी काही एक संबंध नाही. मॉरिशस ह्या बेटाचे नाव मराठी जिभेवर बसता बसता त्याचे जे झाले ते मोरस. वस्तुतः उसाच्या रसापासून साखरेचे कण पाडण्याची विद्या जगाला दिली ती भारताने. आपल्या ‘शर्करे’पासूनच फारसी शकर, अरबी सुक्कर आणि इंग्रजी शुगर हे शब्द निघाले, आणि आपली ‘खांड’ इंग्रजीत कँडी होऊन बसली. अशा देशाच्या बाजारात साखर ओळखली जावी ती हिंदी महासागरातील एका ठिपक्याएवढ्या बेटाच्या नावाने, हे चमत्कारिक वाटते. त्याचे कारण शोधू लागलो की प्रथम अटलांटिक महासागराकडे वळावे लागते, तीनशे वर्षांचा वसाहतींचा व्यवहार चाळावा लागतो, आणि त्यात पानोपानी जी गाठ पडते ती गोडीशी नव्हे, भुकेशी.

उसाचे मूळ घर न्यू गिनीच्या बाजूचे. तेथून तो भारतात आला, भारतातून इराणात, पुढे अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठी. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी तो मदीरा बेटावर लावला, आणि १४९३ साली आपल्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने त्याची बेणी अटलांटिकच्या पलीकडे नेली. सोळाव्या शतकात ब्राझीलचा ईशान्य किनारा हे साखरेचे मोठे आगर बनले. इंग्रजांचा प्रवेश त्यानंतरचा. १६२७ साली त्यांनी बार्बाडोस ह्या बेटावर वस्ती केली, आणि तंबाखू व कापूस ह्यांचे प्रयोग करून झाल्यावर १६४० च्या सुमारास ते उसाकडे वळले.

बार्बाडोसचे क्षेत्रफळ अवघे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीएवढे. पाऊस पुरेसा, माती कसदार, थंडीचे नाव नाही. येथे माणसाने उपाशी राहण्याचे काही कारण नव्हते. पण ऊस आल्यापासून वीस-पंचवीस वर्षांत बेटावरील बहुतेक रान तोडले गेले आणि किनाऱ्यापासून टेकडीपर्यंत ऊस उभा राहिला. १६४७ साली तेथील एका इंग्रजाने न्यू इंग्लंडच्या गव्हर्नरास लिहिलेल्या पत्रात ह्या स्थितीचे मोठे मार्मिक वर्णन आहे. त्याचा मथितार्थ असा की, येथील लोक साखरेच्या मागे इतके लागले आहेत की स्वतः कष्ट करून अन्न पिकविण्यापेक्षा ते वाटेल त्या भावाने विकत घेणे त्यांना परवडते. ह्या एका वाक्यात पुढील तीन शतकांचा इतिहास आला आहे. जमीन अन्न देऊ शकत नव्हती असे नाही. अन्न पिकविणे परवडत नव्हते, एवढेच. आणि परवडणे न परवडणे हे ज्याच्या हिशेबाने ठरत होते, तो त्या जमिनीत राबणारा माणूस नव्हता.

राबणारा कोण होता हे सर्वश्रुत आहे. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ऊस हे किती निकडीचे पीक आहे हे सांगावयास नको. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की त्याची साखर उतरते. म्हणून तोडणी सुरू झाली की चरक थांबत नाही, चुलाण विझत नाही, आणि काहिलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला रात्र आणि दिवस सारखेच. आपल्याकडे हे काम हंगामापुरते आणि घरच्या माणसांच्या वा इर्जिकीच्या बळावर होई. तिकडे ते महिनोन् महिने चाले आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून करवून घेतले जाई. सव्वातीनशे ते साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत भरण्यात आली. त्यांतली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, आणि त्यांतील फार मोठा भाग साखरेच्या मुलखात गेला.

एवढ्या माणसांना खायला काय घालावयाचे, हा मळेवाल्यांच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न होता. तो त्यांनी ज्या रीतीने सोडविला ती पाहण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड समुद्रात कॉड नावाचा मासा विपुल. तो खारवून, वाळवून पिंपांत भरला जाई. चांगला माल दक्षिण युरोपातील कॅथलिक देशांना, उपवासाच्या दिवसांसाठी. आणि जो फुटलेला, अर्धवट खारवलेला, कुबट, युरोपात कोणी हाती धरणार नाही असा, तो वेस्ट इंडीजला. ह्या निकृष्ट प्रतीला व्यापारात नावच ‘वेस्ट इंडिया’ असे पडले होते. परतीच्या जहाजात साखरेची मळी येई, तिची न्यू इंग्लंडमध्ये रम होई, आणि ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिली जाई. व्यापाराची साखळी इतकी बंदिस्त होती की कोठलीच वस्तू वाया जात नव्हती. माणसे जात होती, परंतु ती पुन्हा विकत मिळत.

फ्रेंचांची तऱ्हा थोडी निराळी. त्यांचा सगळा कारभार कायद्याने बांधलेला. १६८५ साली चौदाव्या लुईच्या सरकारने गुलामांविषयी एक संहिता जारी केली. तिच्या बाविसाव्या कलमात दहा वर्षांवरील प्रत्येक गुलामास आठवड्याला कसाव्याचे पीठ किती मापे, खारे मांस दोन पौंड अथवा मासे तीन पौंड, असा शिधा ठरवून दिलेला आहे. कसावा म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. पुढे चोविसाव्या कलमात असेही बजावले आहे की शिध्याऐवजी आठवड्यातून एक दिवस मोकळा देऊन ‘तुमचे तुम्ही पिकवून खा’ असे मालकाने गुलामाला सांगू नये. सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला अशा कलमाचा अर्थ लावण्यास वेळ लागत नाही. जे करू नये म्हणून लिहावे लागते, ते सर्रास चाललेले असते. आणि पुढेही चालूच राहिले. सां-दोमांग ह्या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, १७८९ च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास गुलाम होते आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे दोन-पंचमांश भाग एकट्या तेथून येत असे. जगातील सर्वांत श्रीमंत वसाहत म्हणून तिचा लौकिक होता. त्या श्रीमंत वसाहतीतील मजुरांची मृत्युसंख्या जन्मसंख्येपेक्षा इतकी अधिक होती की नवी जहाजे आली नसती तर दोन पिढ्यांत मळे ओस पडले असते.

ही साखर जात होती कोठे, हे आता पाहू. इंग्लंडात १७०० च्या सुमारास दर माणशी वर्षाला सुमारे चार पौंड साखर खपे. १८०० च्या सुमारास अठरा पौंड. आणि एकोणिसावे शतक संपता संपता ऐंशी-नव्वद पौंड. सिडनी मिंट्झ ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या हिशेबाने १९०० च्या सुमारास इंग्रज माणसाच्या अन्नातील उष्मांकांपैकी जवळजवळ एक-षष्ठांश साखरेतून येत होते. एके काळी औषधाच्या कपाटात कुलपात राहणारी वस्तू चहाच्या प्रत्येक कपात जाऊन बसली. ह्याला चैन म्हणावे काय? उमरावांच्या घरी ती चैन होतीच. पण आकडे फुगले ते उमरावांमुळे नव्हे. लँकेशायरच्या गिरणीतील बाई पहाटे कामावर जाई, तिला चूल पेटवून कांजी शिजविण्यास वेळ नव्हता आणि सरपणही महाग होते. पावाचा तुकडा आणि गोड चहाचा पेला ही तिची न्याहारी, आणि पुष्कळदा तेच जेवण. साखर तिला स्वस्तात ऊब देई, पोट भरल्याचा भास देई, आणि पुढचे पाच तास यंत्रापुढे उभे राहण्याचे बळ देई. १८७४ साली तर साखरेवरील जकातच उठविण्यात आली आणि मुरंब्याचे डबे गरिबांच्या घरी गेले.

साम्राज्यशाहीवर लिहिणारे पुष्कळ जण एका बाजूला भुकेली वसाहत आणि दुसऱ्या बाजूला धष्टपुष्ट राजधानी असे चित्र रंगवितात. ते मला अपुरे वाटते. साखरेच्या व्यापारात भूक दोन्ही टोकांना होती. बेटावरील गुलामाला पोटभर अन्न द्यावे लागू नये म्हणून साखर स्वस्त पडे, आणि साखर स्वस्त म्हणून गिरणीतील मजुराला पोटभर वेतन दिल्याशिवाय भागे. एकाची उपासमार दुसऱ्याच्या अर्धपोटी न्याहारीत विरघळत होती. नफा मधल्यामध्ये दोनदा निघे. मँचेस्टरच्या त्या बाईला दोषी धरण्यात काही अर्थ नाही, आणि तिला निर्दोष ठरवून मोकळे होण्यातही नाही. तिला त्या पेल्यात काय आहे हे कोणी सांगितलेले नव्हते.

ह्या व्यवस्थेची खरी परीक्षा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी झाली. १७७६ नंतर तेरा वसाहती इंग्लंडच्या शत्रू झाल्या, आणि खारे मासे, मका, पीठ घेऊन येणारी जहाजे अडली. जमैकात डोंगरकपारीच्या जमिनीवर गुलाम आपल्यापुरते कोनफळ, अळकुड्या, भाजीची केळी लावीत. तेवढाच आधार उरला. आणि १७८० च्या ऑक्टोबरात तेथे प्रचंड चक्रीवादळ झाले. केळी आडवी झाली. पुढील सहा वर्षांत आणखी चार वादळे आली. १७८३ मध्ये तह झाला तेव्हा अन्नाची जहाजे पुन्हा सुरू होतील अशी आशा होती. परंतु लंडनमधील सरकारने त्याच वर्षी जुलैमध्ये हुकूम काढला की स्वतंत्र झालेल्या अमेरिकेच्या जहाजांनी ब्रिटिश बेटांशी व्यापार करावयाचा नाही. ब्रिटिश जहाजवाहतुकीचे संरक्षण हा त्यामागील हेतू. मळेवाल्यांनी अर्ज केले, शिष्टमंडळे पाठविली, पण नौकानयनाचे धोरण अढळ राहिले. जमैकाच्या विधिमंडळाने नंतर अंदाज केला की १७८० ते १७८७ ह्या काळात उपासमारीने आणि निकृष्ट अन्नातून उद्भवलेल्या रोगांनी सुमारे पंधरा हजार गुलाम मेले. हा आकडा मालकांच्या सभेने काढलेला आहे, आणि तो दयेपोटी नव्हे तर नुकसानीची तक्रार म्हणून काढलेला आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. ज्या वर्षांत ही माणसे मेली त्या वर्षांतही जमैकाची साखर लंडनला जातच होती, आणि तिच्याखालची जमीन धान्यासाठी मोकळी करण्याचा विचार गंभीरपणे कोणी केला नाही.

विचार झाला तो निराळाच. कॅप्टन कुकबरोबर ताहितीला जाऊन आलेला सर जोसेफ बँक्स हा त्या वेळी लंडनमधील वनस्पतिशास्त्राचा धुरीण. ताहितीत एक झाड असते, त्याला वर्षातून बरेच महिने मोठमोठी पिठूळ फळे लागतात, आणि त्याला ना नांगरट लागते ना राखण. कोकणात आणि गोव्यात आपण ज्याला नीरफणस म्हणतो तेच हे झाड. हे वेस्ट इंडीजमध्ये लावले की गुलामांच्या अन्नाचा प्रश्न मिटेल, उसाची एक काडीही हलवावी लागणार नाही! १७८७ च्या डिसेंबरात कॅप्टन ब्लाय ‘बाउंटी’ हे जहाज घेऊन निघाला. हजारावर रोपे घेऊन परतत असता २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड केले आणि रोपे समुद्रात फेकून दिली. ह्या बंडावर कादंबऱ्या झाल्या, बोलपट निघाले. सारे जग ते ओळखते. जहाज कशासाठी निघाले होते हे मात्र थोड्यांच्या ध्यानी राहते. ब्लाय चिकाटीचा. तो पुन्हा गेला, आणि १७९३ च्या आरंभी ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजातून त्याने नीरफणसाची रोपे सेंट व्हिन्सेंट आणि जमैका येथे उतरविली. झाडे उत्तम लागली. पण गुलामांनी ते फळ तोंडाला लावले नाही. कित्येक वर्षे ते डुकरांना घातले जाई. उपाशी माणसालाही चव असते, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या हिशेबात नव्हती. आज जमैकात नीरफणस भाजून आवडीने खातात, आणि त्या खाऱ्या कॉडपासून केलेला पदार्थ तर तेथील राष्ट्रीय खाद्य मानला जातो. माणूस आपल्या दुःखाचेही जेवण करून घेतो.

इंग्लंडातील ग्राहक स्वस्थच होता असे म्हटले तर अन्याय होईल. १७९१ च्या एप्रिलमध्ये पार्लमेंटाने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक लहानशी पुस्तिका काढून लोकांना वेस्ट इंडीजची साखर सोडण्याचे आवाहन केले. त्याचा हिशेब मोठा नेमका होता. आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने ती एकवीस महिने सोडली, तर एक माणूस गुलामीतून वा मृत्यूतून वाचतो. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे तीन लाखांच्या आसपास लोकांनी साखर वर्ज्य केली. त्यांत बायका पुढे होत्या, कारण साखरेचा डबा त्यांच्या ताब्यात. बहिष्काराचे शस्त्र आपल्याकडे १९०५ नंतर वापरले गेले, आणि त्यातही परदेशी साखर होतीच. परंतु त्याचा हा पूर्वावतार शंभरांहून अधिक वर्षे आधीचा आहे. पुढे १८२० नंतर ही चळवळ पुन्हा उठली तेव्हा ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली’ अशी अक्षरे रंगविलेली साखरदाणी टेबलावर ठेवणे हे सज्जनपणाचे लक्षण ठरले.

ह्या अक्षरांमागचा विनोद काळाने लवकरच उघड केला. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. दोन कोटी पौंड नुकसानभरपाई देण्यात आली, ती गुलामांना नव्हे, मालकांना. ते पैसे उभारण्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली, असे ब्रिटनच्या अर्थखात्याने अलीकडे जाहीर केले. म्हणजे परवापरवापर्यंत ब्रिटनमध्ये कर भरणारा जमैकन वंशाचा नागरिक आपल्या खापरपणजोबाच्या मालकाची भरपाई फेडीत होता. त्या रकमेचा एक वाटा मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या हाती पडला. १८२५ साली त्यांच्या साखरेला वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लागू झाल्यापासून त्यांनी बेटभर ऊस लावण्यास आरंभ केलाच होता. फ्रेंच अमदानीत हे बेट जहाजांना शिधासामग्री पुरविणारे ठाणे होते. आता त्यालाच शिधा बाहेरून आणावा लागू लागला. आणि राबण्यासाठी माणसे? ती ‘गुलामांनी न केलेली’ साखर जेथून येत होती त्याच देशातून आणण्याचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. १८३९ मध्ये ह्या वाहतुकीवर बंदी आली, पण १८४२ च्या कायद्याने ती उठली आणि कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबई बंदरही मॉरिशससाठी खुले झाले.

मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीच्या बाजूची माणसे होती. भात चार-सहा महिने पुरेल एवढेच, खोताचे देणे डोक्यावर. मुंबईला जाऊन गिरणीत शिरण्याची वाट त्या वेळी अजून पडावयाची होती. पाच वर्षांच्या करारावर अंगठा, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापावयाची, असा ‘दुहेरी काट’ मळ्यांवर चाले, आणि १८६७ च्या कायद्यान्वये जुन्या मजुराला आपले छायाचित्र लावलेला परवाना बाळगावा लागे. तो जवळ नसला की भटक्या म्हणून अटक. त्या छायाचित्रांचा संग्रह मॉरिशसमध्ये अद्याप जपलेला आहे. १८७१ साली अडॉल्फ द प्लेवित्झ ह्या युरोपियन गृहस्थाच्या पुढाकाराने नऊ हजारांवर मजुरांनी सरकारकडे गाऱ्हाणे घातले, तेव्हा कोठे चौकशी आयोग आला. १८६१ च्या शिरगणतीतच बेटाच्या लोकसंख्येत भारतीय दोन-तृतीयांशाच्या आसपास पोचले होते. १८३४ पासूनच्या पाऊणशेहून अधिक वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या धक्क्यावरून आत गेली. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात.

आता ह्या व्यापाराचा फेरा पाहावा. कोकणातला माणूस मॉरिशसला ऊस तोडी. त्याच्या पानात पडणारा भात बंगालातून आणि पुढे ब्रह्मदेशातून जहाजाने येई, कारण त्याच्या पायाखालच्या जमिनीत भात लावण्याची मुभा नव्हती. त्याने केलेली साखर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर मुंबईला येई, कारण युरोपात बीटची साखर स्वस्त झाली होती आणि मॉरिशसला दुसरे गिऱ्हाईक हवे होते. आणि मागे राहिलेल्या त्याच्या भावाच्या घरी सणाला ती पुडीतून आली की तिचे नाव मोरस. कोणाच्या हातची आहे, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना वाण्याला.

ह्या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी नाताळकडे होणारी मजुरांची रवानगी थांबविण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजी मात्र त्यांनी करारबद्ध मजुरीची सारी पद्धतच बंद करावी असे म्हटले, तेव्हा सरकारी मतांच्या बळावर तो ठराव पाडण्यात आला. त्यांच्या हयातीत ते झाले नाही. भरती थांबली १९१७ मध्ये, आणि पद्धत संपली १९२० मध्ये. पद्धत संपली, ऊस राहिला. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तांदळाची जहाजे बंद पडली, तेव्हा बंगालबरोबर मॉरिशसलाही त्याचा फटका बसला. बंगालात पुढच्या वर्षी लाखो माणसे मेली. मॉरिशसला सक्तीने काही ऊस काढून मका आणि कसावा लावावा लागला. बेटाची जमीन अन्न देऊ शकते हे शंभर वर्षांनी प्रथमच सरकारी रीतीने सिद्ध झाले. युद्ध संपल्यावर पुन्हा ऊस.

ह्या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते ब्राझीलच्या एका वैद्याने. जोझुए दि कास्त्रू हा रेसिफेचा. ज्या ईशान्य किनाऱ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ऊस नेला, तेथेच तो १९०८ मध्ये जन्मला. त्याच्या प्रांताचे दोन भाग: आत कोरडा, अवर्षणाचा मुलूख, आणि किनाऱ्याला दमट, सुपीक पट्टा. अवर्षणाच्या मुलखात माणसे दुष्काळात मरतात हे कोणालाही समजते. कास्त्रूने दाखविले ते हे की सुपीक पट्ट्यात माणसे रोज, पाऊस उत्तम असतानाही, भुकेली असतात. कारण तेथे उसाने बाग, गोठा, भाजीपाला, सारे गिळले आहे. अंगात रक्त नसलेली तेथील मुले माती खातात, ह्याकडे पूर्वीचे लोक वाईट सवय म्हणून पाहत. कास्त्रूने ती क्षाराची भूक म्हणून पाहिली. १९४६ मध्ये त्याने ‘भुकेचा भूगोल’ लिहिला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या परिषदेचे अध्यक्षपद त्याला मिळाले, आणि १९६४ च्या लष्करी सत्तांतरानंतर त्याचे नागरी हक्क काढून घेण्यात आले. १९७३ मध्ये तो पॅरिसला, स्वदेशाबाहेर, वारला.

राज्यकर्ता बदलला म्हणजे हे चक्र थांबते, असा समज करून घेणाऱ्यांनी क्यूबाकडे पाहावे. स्पेनच्या सत्तेखाली साखर, १८९८ नंतर अमेरिकन भांडवलाखाली साखर. १९२० च्या मे महिन्यात पौंडाला साडेबावीस सेंट भाव होता, तो डिसेंबरात चार सेंटांच्या खाली आला, आणि बँका बुडाल्या. १९५९ ची क्रांती झाली. १९६० मध्ये अमेरिकेने साखरेचा कोटा तोडला. मग साखर रशियाला, आणि तिच्या बदल्यात तेल व धान्य. वर्गशत्रू गेला, पण जहाजावरील भिस्त गेली नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती जहाजे थांबली. पुढील दोन-तीन वर्षांत क्यूबातील माणसे वाळली, आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना डोळ्यांचा व पायांच्या मज्जातंतूंचा विकार जडला. त्याच्या मुळाशी अन्नातील जीवनसत्त्वांची तूट होती. उत्तम रुग्णालये आणि सर्वांना शिधापत्रिका असलेला हा देश होता, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आपल्या सहकारी साखर कारखान्यांशी ह्या इतिहासाची तुलना करण्याचा मोह होतो. पण तेथे जमीन शेतकऱ्याची आणि कारखानाही बराचसा त्याचाच; तेव्हा ती घाईने करू नये. पाण्याचे आणि बीडच्या ऊसतोड मजुरांचे प्रश्न आहेत, आणि त्यांवर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

हैतीची गोष्ट अखेरीस राहिली. तेथील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राज्य स्थापिले. पहिले काम त्यांनी हे केले की उसाचे मळे मोडून आपापल्या तुकड्यात खाण्याची पिके लावली. जगाच्या दृष्टीने ती वसाहत बुडाली. माणसे मात्र जेवू लागली. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून, गेलेल्या मालमत्तेबद्दल १५ कोटी फ्रँकांची मागणी केली. ती पुढे कमी झाली, पण कर्जासह ती फेडण्यात त्या देशाचे शतक गेले. तरीही १९८० च्या सुमारापर्यंत आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ हैती स्वतः पिकवीत असे. त्यानंतर कर्ज देणाऱ्या संस्थांच्या आणि अमेरिकेच्या आग्रहाने आयातीची दारे उघडली, आणि १९९५ मध्ये परदेशी तांदळावरील जकात तीन टक्क्यांवर आणण्यात आली. अमेरिकेचा तांदूळ, सरकारी अनुदानावर पोसलेला, बाजारात स्वस्त मिळू लागला. आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यातील भातकरी शेत सोडून राजधानीतील झोपडपट्टीत आला. २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव चढले तेव्हा हैतीत भुकेल्या लोकांचे दंगे झाले, पंतप्रधानाला जावे लागले, आणि चिखलात मीठ व तूप घालून उन्हात वाळविलेल्या चकत्या बाजारात विकल्या जात असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. मार्च २०१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन ह्यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की हे धोरण चूक होते. त्याने आर्कान्सॉमधील आपल्या काही शेतकऱ्यांचे भले झाले असेल, पण हैतीची आपल्या लोकांपुरता तांदूळ पिकविण्याची शक्ती त्यात गेली. त्यांच्या साक्षीची नोंद समितीच्या दप्तरी आहे. तीन टक्के जकात त्यानंतरही कित्येक वर्षे तशीच राहिली.